सगळ्यांना एकच राणी रंग

आमच्या घरात शिरायचं तर तमाशातल्या बायांखालून वाकून यावं लागायचं. गैरसमज नको, त्या कागदावरच्या असत. अब्बांचा छापखाना नारायणगावात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होता. रस्त्याकडच्या खोलीत यंत्र आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं, म्हणजे अब्बा, अम्मी आणि मी. गावोगावच्या यात्रा जवळ आल्या की ओली पोस्टरं वाळत घालायला पुढची खोली पुरत नसे. मग दोऱ्या मागे सरकत सरकत थेट स्वयंपाकघरापर्यंत यायच्या आणि त्यांच्यावर चिमट्यांनी टांगलेल्या नर्तकी आमच्या ताटांवर डोलायच्या. शाई ओली असताना पाठ लागली की संपलंच. एकदा मी पांढऱ्या युनिफॉर्मच्या पाठीवर 'शेवंताबाई' हे नाव उलट्या अक्षरांत घेऊन दिवसभर शाळेत वावरले. वर्गातल्या पोरी मधल्या सुट्टीत मला आरशापुढे पाठमोरी उभी करून ते वाचत होत्या. अम्मीनं तो युनिफॉर्म आधी रॉकेलनं धुतला, मग साबणानं, मग लिंबानं. नाव काही गेलं नाही. अब्बांनी तो उजेडात धरून पाहिला आणि त्यांचा चेहरा फुलला. "बघ," ते म्हणाले, "आपली शाई विटत न्हाई."

यंत्राचा आवाज 'खटाक्-धप्, खटाक्-धप्' असा असे. अम्मी भाकरी थापायची ती याच तालावर. यंत्र मध्येच थांबलं की तिचा हातही परातीवर थांबायचा आणि ती आतूनच ओरडायची, "क्या हुआ?" जेवणात टोमॅटो, कारण आमचं गावच टोमॅटोच्या बाजाराचं. टोमॅटोचा भाव पडल्याची खबर आधी मार्केटात लागायची की आमच्या ताटात, हे सांगणं अवघड आहे. डाळीत टोमॅटो, भातात टोमॅटो, अंड्याच्या रश्श्यात टोमॅटो आणि वर तोंडी लावायला भाजून ठेचलेला टोमॅटो. त्या सगळ्याला मागून शाईचा आणि रॉकेलचा बारीक वास असे. आजही तो ठेचा खाताना मला काहीतरी कमी वाटतं आणि घरातले मीठ पुढे करतात. मीठ नव्हे, रॉकेल कमी असतं. पण हे कुणाला सांगायचं?

घरात आमची बोली दखनी. अब्बांनी मात्र दोन भाषांची वाटणी करून टाकली होती. धंद्याचं बोलणं आणि रागावणं मराठीत, बाकी सगळं दखनीत. शिस्त मराठीतच लागते असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे "इधर आ" म्हटलं की मी रमतगमत जायची आणि "इकडं ये" म्हटलं की जाता जाता आपण काय केलं असेल ते आठवून पाहायची.

आता तमाशाचं सांगायला हवं, कारण आमचं पोट त्याच्यावर होतं. पाडवा जवळ आला की नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. फड म्हणजे तमाशाची मंडळी, आणि राहुटी म्हणजे त्यांचं हंगामापुरतं तंबूतलं ऑफिस: एक टेबल, चार खुर्च्या, एक मॅनेजर आणि बाहेर भलाथोरला रंगीत बोर्ड. जुन्नर-आंबेगावातल्या आणि त्याहून लांबच्या गावांतले यात्रेचे पंच जीपगाड्यांतून उतरतात, या राहुटीतून त्या राहुटीत हिंडतात, प्रत्येक ठिकाणी चहा पितात आणि शेवटी ज्याचा फड न्यायचा त्याला सुपारी देतात. या सगळ्या फडांची पोस्टरं अब्बा छापत. पोस्टर छापणं म्हणजे शाई लावून कागद दाबणं एवढंच असतं असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा फडमालकिणीशी बोलून बघावं. प्रत्येक फडाचा रंग ठरलेला, अक्षराचं वळणही ठरलेलं. सुगंधाबाई पिंपळवंडीकर यांचा राणी रंग आणि गोलमटोल अक्षर. शेवंताबाई ओतूरकर यांचा पोपटी रंग आणि उभट, ताठ अक्षर, बाईंच्या मानेसारखं. दगडू-नामदेव मांजरवाडीकर हे दोघे भाऊ, त्यांचा फड एक आणि पोस्टरही एक, पण दगडूचं नाव तांबडं आणि नामदेवाचं निळं, कारण दोघांचं रंगावर एकमत झालं नव्हतं. त्या दोघांचं फक्त आपलं एकमत होत नाही यावर एकमत असे.

सुगंधाबाई आणि शेवंताबाई पूर्वी एकाच फडात होत्या. पोस्टरवर वर कुणाचं नाव यावरून त्यांचं फाटलं आणि एका फडाचे दोन झाले. तेव्हापासून त्या एकमेकींशी बोलत नसत. जे काही बोलायचं ते अब्बांना सांगत, दुसरीला ऐकू जाईल अशा बेतानं. "इस्मालभाई, काही लोकांचा आवाज बसला म्हंत्यात. तुमच्या कानावर आलं का?" असं. अब्बा मान हलवत. ही मान हो म्हणते की नाही म्हणते हे कुणालाही कळत नसे, आणि त्या मानेवरच आमचा छापखाना टिकून होता.

मी बी.कॉम. झाले आणि एसटी स्टँडजवळच्या एका क्लासात संगणकाचा कोर्स केला. इंटरनेटची पानं कशी बनवायची तेही तिथं शिकले. क्लासवाल्यांनी जुनी मशिनं काढून टाकली तेव्हा लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायला बरं म्हणून अब्बांनी एक घरी आणलं. अम्मीनं त्याला भरतकाम केलेला झाकणरुमाल घातला. आमच्या क्लासच्या सरांच्या ओळखीचं पुण्यात एक ऑफिस होतं, त्यांना अशी पानं बनवणारं माणूस हवं होतं. त्यांनी मला बोलावलं. पाडव्यानंतर या, म्हणाले. मी अब्बांना विचारलं, तर त्यांनी तीच फडमालकिणींसाठीची मान हलवली. मला ती नोकरी किती हवी होती, ते आज या वयातही विसरलेले नाही. गल्लीत माझ्या वयाच्या सगळ्या पोरी लग्न होऊन गेल्या होत्या, आणि आमच्याकडे येणारे पाहुणे चहा पिता पिता माझ्याकडे बघून अम्मीला डोळ्यांनी विचारत, हिचं काय?

अशात एक दिवस भाऊसाहेब आले. सगळ्या फडांची मिळून एक संघटना होती, तिचे ते अध्यक्ष. जाडजूड, पांढरेशुभ्र कपडे, आणि नव्या गोष्टीची भारी हौस.

"इस्मालभाई," ते म्हणाले, "आता समदं इंटरनेटवर येतंय. मुंबईला ऱ्हाणारी आपली माणसं तितं बघत्यात. समद्या फडांचं मिळून तितं बी छापा की राव."

"किती प्रती?" अब्बांनी विचारलं.

भाऊसाहेब जरा अडखळले. "एकच बास व्हती म्हंत्यात. समद्यांना तीच दिसती."

एका प्रतीची ऑर्डर अब्बांना उभ्या आयुष्यात आली नव्हती. पण आलेलं काम परत पाठवायचं नाही हा त्यांचा नियम. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग झाकणरुमालाकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाले, "हे काम तू कर. पाडव्याच्या आत झालं पायजे. फडवाल्यांची एकबी तक्रार आली न्हाई, तर पुण्याला जा."

अम्मी आतून दखनीत जे बोलली त्याचा मराठीत अर्थ असा की, बिनतक्रारीचे तमाशेवाले हवे असतील तर कबरस्तानात जाऊन शोधावे लागतील. मी तिकडे लक्षच दिलं नाही. मला फक्त 'जा' एवढं ऐकू आलं होतं.

पान मी मोठ्या निगुतीनं केलं. वर ढोलकीचं चित्र, त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत संघटनेचं नाव, आणि त्याखाली एकाखाली एक फडांची नावं, भाऊसाहेबांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमानं. प्रत्येक नाव म्हणजे एक लिंक. तिच्यावर माउसनं दाबलं की त्या फडाचं वेगळं पान उघडायचं, फोटो आणि वगांच्या नावांसकट. अगदी तळाला बारीक अक्षरांत आमच्या छापखान्याचं नाव, तेही लिंक करून, कारण कुठल्याही पोस्टरच्या तळाला ते असतंच. राहुट्यांच्या शेजारी संघटनेनं पत्र्याची शेड उभी केली होती, तिथं आमचं मशीन नेऊन ठेवलं. फोनची तार तिथवर नव्हती, पण पान मशीनमध्येच साठवलेलं होतं. इंटरनेटवर ते नंतर चढवायचं होतं. वीज शेजारच्या राहुटीतून घेतली. ती राहुटी सुगंधाबाईंची आणि जनरेटरही त्यांचाच. ही गोष्ट पुढे महागात पडणार हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मालक मंडळी बघायला आली. सुगंधाबाई पुढच्या खुर्चीत बसल्या. शेवंताबाई बसल्या नाहीत, कारण दुसरी खुर्ची मागच्या रांगेत होती. मी पान खाली सरकवून नावं दाखवली: सगळी निळी आणि रेघांवर बसलेली. लिंकला आपण काही सांगितलं नाही तर ती निळी येते आणि तिच्याखाली रेघ येते, हा त्या मशीनचा रिवाज आहे. मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं; साऱ्या जगात असंच असतं.

"मी काय आंतरदेशी पत्र हाय का?" सुगंधाबाई म्हणाल्या. "निळी कशापायी?"

"आन् नावाखाली रेघ?" शेवंताबाई छताकडे बघत म्हणाल्या. "इस्मालभाई, हिशेब संपला की खाली रेघ मारत्यात. आमचा संपवला का?"

खूश एकटा नामदेव होता. त्याचा रंग निळाच होता. "मला लई आवडलं," तो म्हणाला, "समद्यांनाच माझा रंग दिलाय." यावर दगडूनं त्याच्याकडे असं पाहिलं की नामदेवाला पुढचं वाक्य गिळावं लागलं.

तेवढ्यात भाऊसाहेबांनी हौसेनं माउस हातात घेतला आणि सुगंधाबाईंच्या नावावर दाबलं. फोटो उघडला, सगळे वा वा म्हणाले. भाऊसाहेब मागे आले. आणि सुगंधाबाईंचं नाव जांभळं झालेलं होतं. बाकीची नावं निळीशार, हे एकच मळकट जांभळं. एकदा पाहून झालेली लिंक रंग बदलते, म्हणजे आपण काय पाहिलं ते ध्यानात राहतं, अशी ती सोय आहे. हे मी सांगायला तोंड उघडलं, पण कुणी ऐकून घेईना. कारण तिथं जमलेल्या प्रत्येकाला डोळ्यांसमोर दिसत होतं की एकदा हात लावल्याबरोबर रंग विटला. एवढी वर्षं ज्यांनी इस्मालभाईंची शाई उन्हात, पावसात, जीपच्या मागच्या चिखलात टिकलेली पाहिली होती, ती सगळी माणसं हळूच अब्बांकडे बघायला लागली. अब्बांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. घरी येईपर्यंत ते कुठल्याच भाषेत बोलले नाहीत. रात्री जेवताना भाकरीचा तुकडा मोडून एवढंच म्हणाले, "आपली शाई विटली, असं आज पैल्यांदा झालं." मी अब्बांना शाई नसतेच हो तिथं, हे समजावू लागले, तर ते म्हणाले, "शाई न्हाई तर मग विटतंय काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये मशीन पुसत होते, तर सुगंधाबाई सगळ्यांच्या आधी हजर. राणी रंगाचं नऊवारी, कपाळभर कुंकू. माझ्या शेजारी बसल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "पोरी, माझं नाव राणी कर. आन् ती रेघ काढ. जनरेटर माझा हाय, इसरू नको." मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! रंगरूपाचे नियम लिहायची वेगळी जागा असते. तिथं मी लिंकसाठी नियम लिहिला: रंग राणी, रेघ नको, दाबल्यावरही राणीच. पान पुन्हा उघडलं. आमचा पडदा छोटा. ढोलकी आणि संघटनेचं नाव यांतच तो भरून जायचा आणि त्यांच्याखाली जेमतेम पहिलं नाव दिसायचं. ते होतं सुगंधाबाईंचं, आणि ते झकास राणी झालं होतं. बाईंनी माझी अलाबला घेतली. मी सुटकेचा श्वास टाकला. पान खाली सरकवून बघावं, असं काही मला सुचलं नाही.

उद्घाटनाला गर्दी झाली. यात्रेचे पंच, शेजारच्या राहुट्यांतली माणसं, ढोलकीवाले, आणि माउस म्हणजे काय ते बघायला आलेली निम्मी बाजारपेठ. अम्मीसुद्धा बुरखा घालून मागे उभी होती. भाऊसाहेबांनी नारळ फोडला, पाणी मशीनवर शिंपडायला निघाले ते मी मध्ये पडून अडवलं, आणि मग त्यांनी ऐटीत पान खाली सरकवलं.

सगळी नावं राणी होती. शेवंताबाई राणी, दगडू राणी, नामदेव राणी, पार तळाला अब्बांचा छापखानासुद्धा राणी. मी लिंकसाठी नियम लिहिला होता आणि पानावरच्या झाडून सगळ्या लिंकांनी तो इमानदारीनं पाळला होता.

शेवंताबाईंचा आवाज बसला नव्हता हे त्या दिवशी सगळ्या नारायणगावला कळलं. "तिचं लुगडं माझ्या नावाला नेसवलं! इस्मालभाई! भर बाजारात!" इकडे सुगंधाबाई उठून उभ्या. त्यांना शेवंताबाईंपेक्षा जास्त राग आलेला. "माझा रंग असा खिरापतीवानी वाटला? समद्यांना?" दगडू म्हणत होता की तांबडं कुठंय, आणि नामदेव म्हणत होता की कालचंच बरं होतं. मी काही बोलायच्या आत सुगंधाबाईंनी राहुटीकडे तोंड करून हाळी दिली, "बंद कर रं जनरेटर!" पडदा काळा झाला. माझ्याही डोळ्यांपुढे तेच झालं. एकही तक्रार आली नाही तर पुण्याला जा, असं अब्बा म्हणाले होते. मी मोजायच्या फंदात पडले नाही.

अब्बा गर्दीतून माझ्यापर्यंत आले. आता मराठीत बोलणार हे नक्की होतं, आणि बोललेच. "तू त्याला सांगितलं काय?"

"लिंक राणी कर म्हणून."

"कुठली लिंक?"

मी काळ्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"समद्यांना मिळून एकच हुकूम दिला, तर समदे ऐकणारच. त्याची काय चूक?" ते मशीनकडे बघून म्हणाले. मशीनची बाजू घेणारा गल्लीतला तो पहिला माणूस. "यातली एकच बोलवायची असली तर तिला हाक मारायची काय सोय?"

सोय होती. क्लासात शिकवली होती, वहीत उतरवलीही होती, आणि आजवर गरज पडली नाही म्हणून मी ती जणू लग्नातल्या भांड्यांसारखी माळ्यावर ठेवून दिली होती. प्रत्येक लिंकला आपण आपलं एक टोपणनाव देऊ शकतो, आणि मग नियम त्या टोपणनावापुरता लिहायचा. बाकीच्यांना त्याची झळ लागत नाही. मी अब्बांना हे सांगितलं. त्यांनी गर्दीकडे वळून जाहीर केलं की कागद सदोष होता, पोरगी आत्ता इथंच दुसरा छापते. तो कागद कुठला, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

पण वीज? सुगंधाबाईंचा जनरेटर सुरू करायला शेवंताबाईंची हरकत, शेवंताबाईंचा सुरू करायला सुगंधाबाईंची. मग नामदेवानं आपल्या राहुटीतून वायर ओढून आणली. त्यातही दगडूनं अर्धी वायर आपण धरली असं दाखवलं. मशीन सुरू झालं, मी बसले, आणि सगळा तमाशा माझ्या खुर्चीभोवती उभा राहिला.

पुढच्या काही तासांत मी माझ्या धंद्यातलं जे शिकले ते पुढे कुठल्या क्लासात शिकले नाही. सुगंधाबाईंच्या लिंकला त्यांचं नाव दिलं आणि त्या एकीलाच राणी केलं. बाई म्हणाल्या, "कुणी नावापाशी आलं की रंग बदलला पायजे. पदर फिरवल्यावानी." माउस वर आल्यावर पिवळा, असं लिहिलं. शेवंताबाई आढ्याकडे बघत म्हणाल्या, "इस्मालभाई, आम्हाला असला नखरा नको. आमचा पोपटी. रेघ बी नको. पण कुणी बोट न्हेलं, की तेवढ्यापुरती रेघ येऊ दे. मग कळंल, हितं बाई हाय." मी तेही लिहिलं. दगडू-नामदेवांची लिंक एकच आणि रंग दोन. तिच्या पोटात दोन तुकडे पाडून एकाला तांबडं नेसवलं, एकाला निळं. त्या दोन शब्दांमधल्या छोट्या आडव्या रेघेचा रंग कुणाचा यावर दोघे भांडायला लागले, तेव्हा अब्बांनी नुसतं "काळा" म्हटलं आणि तंटा मिटला.

एक अडचण राहिलीच. सुगंधाबाईंचं नाव पहिल्यांदा माउस नेला की छान पिवळं व्हायचं, पण एकदा दाबून परत आलं की पुन्हा पिवळं होईना. "रुसली," ढोलकीवाला म्हणाला. मी वही काढली. लिंकच्या चार अवस्था असतात: न पाहिलेली, पाहिलेली, माउस वर आलेली आणि दाबताना. त्यांचे नियम ठरलेल्या क्रमानंच लिहावे लागतात, नाहीतर मागून लिहिलेला आधीच्याला झाकतो. मी माउसचा आधी लिहिला होता आणि पाहिलेलीचा नंतर. हे मी अब्बांना सांगत होते, तर दगडू मध्येच म्हणाला, "मग बराबर हाय की. आदी गण, मग गवळण, मग बतावणी, मग वग. गवळण आदी आन् गण मागनं, असं केल्यावर फड चालंल का?" तो आमच्या भागातला नावाजलेला सोंगाड्या, त्याच्या कुठल्याही बोलण्यावर लोक हसतात, तसे हसले. मी मात्र क्रम बदलला आणि नाव रुसायचं थांबलं. अजूनही हाताखालच्या नव्या पोरांना मी तो क्रम असाच पाठ करायला लावते. गवळण म्हणजे काय हे त्यांतल्या एकालाही माहीत नसतं, पण चुकत कुणी नाही. आजकाल एवढ्या चार रंगांसाठी सकाळभर मीटिंग चालते आणि शेवटी सगळे कंटाळून राखाडी रंगावर राजी होतात. अशा वेळी मला त्या दोन बाया फार आठवतात. आपल्याला काय हवं ते त्यांना माहीत होतं.

ऊन कलताना सगळं झालं. भाऊसाहेबांनी एकेका नावावर दाबलं, परत आले, पुन्हा दाबलं. राणी राणीच राहिला, पोपटी पोपटीच. शेवंताबाई प्रथमच खुर्चीत बसल्या. पुढच्या रांगेतली दुसरी खुर्ची तोवर कुणीतरी आणून ठेवली होती. सुगंधाबाईंनी पडद्याकडे बघत, कुणाला उद्देशून नाही असं दाखवत म्हटलं, "पोपटी बी उठून दिसतोय." शेवंताबाईंनी उत्तर दिलं नाही. पण त्या अब्बांमार्फतसुद्धा काही बोलल्या नाहीत, ही त्यांच्या मानानं फार मोठी गोष्ट होती.

"काय तक्रार हाय का कुणाची?" भाऊसाहेबांनी विचारलं.

कुणी बोललं नाही. फडांच्या इतिहासात असं झालं नसेल.

"एक हाय," अब्बा म्हणाले.

लोक चहाला पांगले, अम्मी तेवढी मागे थांबली. मीच बोलले, कारण अब्बांच्या तोंडून ते ऐकायला नको होतं. "माहितीये. तक्रारी आल्या. एक नाही, ढीगभर. नाही जात मी."

"फडवाल्यांची तक्रार आली न्हाई, असा हंगाम मी बघितला न्हाई," अब्बा म्हणाले. "तरी तशी अट घातली. तवाच समजून जायचं व्हतं, की मला पाठवायचंच न्हाई." हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की मला रागावतासुद्धा येईना. अम्मीनं बुरख्याआडून नाक ओढलं. मग अब्बांनी पडद्याच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं आमच्या छापखान्याचं नाव होतं. त्या गडबडीत तेवढ्या एका लिंकला मी टोपणनाव द्यायचं विसरले होते, आणि सगळ्यांसाठीचा जुना नियम काढून टाकल्यावर ती परत निळी झाली होती, खाली रेघेसकट. "समद्यांना त्यांचा रंग दिला, आन् छापणाऱ्याला आंतरदेशी पत्र?"

"कुठला करू?"

"काळा. छापणाऱ्याचं नाव काळं आन् बारीक. रेघ नको." मी केलं. "म्होरं तुझं नाव टाक. चुकलं तर शिव्या कुणाला द्यायच्या, हे लोकांना कळाया पायजे." मी माझं नाव टाकलं. 'नसीम' ही अक्षरं आमच्या छापखान्याच्या नावापुढे काळ्या रंगात पहिल्यांदा बसली. "आता यावर दाबलं की काय येतं?"

"काही नाही. त्याचं पान केलेलं नाही."

"मग कर. दाबलं की तुझा पुण्याचा पत्ता आला पायजे. गिऱ्हाइकं हितं येऊन माझं डोकं खायला नकोत."

मला पुण्याचा पत्ता नव्हता. कुठं राहणार, कशी राहणार, काहीच माहीत नव्हतं. मी नवीन पान उघडलं, त्यावर 'पुणे' एवढा एकच शब्द लिहिला आणि साठवलं. अब्बांनी पुढे होऊन पहिल्यांदा माउस हातात धरला, अंड्यावर हात ठेवावा तसा. माझ्या नावावर दाबलं. पांढऱ्या पडद्यावर तो एक शब्द आला. मग मला परत पहिल्या पानावर जायला सांगून, चष्मा कपाळावर चढवून, नाक पडद्याला लागेल इतके वाकून त्यांनी माझं नाव तपासलं. दिवसभर मराठीत चाललेलं त्यांचं बोलणं तिथं बदललं.

"रंग नई छोडता ना?"

"नई, अब्बा."

"तो फिर जा."